एका पायाचा मोर

केशरबाईची सून दिपाली बाळंतपणाला माहेरी गेली होती, नाहीतर जिपेच्या पेडलवर पाय देऊन बसायचं काम तिचं. फाल्गुन लागून मढीच्या कानिफनाथाची जत्रा तोंडावर आली, की दिपालीचा नवरा कल्याण दारातल्या लिंबाखाली जीप लावी आणि ब्रेकचं ऑईल बदली. तिसगाव, पाथर्डी, मढी अशा त्याच्या फेऱ्या चालत. जत्रेच्या दिवसांत करंजीच्या घाटातून नगरची माणसंही आणावी लागत. ऑईल बदलणं एकट्याचं काम नव्हे. एकानं चाकापाशी आडवं पडायचं, एकानं वर बसून पेडल दाबायचं. त्या वर्षी घरात तिसरं माणूस नव्हतं, म्हणून त्यानं आईलाच हाक मारली.

“आये, ये की जरा. निस्ता पाय द्यायचाय.”

केशरबाई चुलीपुढं होती. हातावरची भाकरी तव्यात टाकून ती दाराशी आली. “मला कामून वढतो रं त्यात? माज्या पायानं काय मोडलंबिडलं म्हंजी?”

“जलमभर ऊस तोडला तू, आन् पेडलला भेती व्हय?”

भाकरी उतरवून, जाळ मागं ओढून ती आली. जिपेत ती पुष्कळदा बसली होती, पण मागच्या बाकावर, बायकांच्या गर्दीत. स्टिअरिंगच्या मागं बसायची ही पहिलीच वेळ. काचेपलीकडं हिरवंगार बॉनेट दिसत होतं. त्यावर कल्याणनं गोणपाट पसरून पाने, चिंध्या आणि ऑईलचा डबा मांडला होता. आपण इथं बसलोय हे बघायला गल्लीत कुणी नाही ना, असं तिनं आधी इकडंतिकडं पाहून घेतलं, आणि मग तिला एकटीलाच हसू फुटलं.

कल्याणनं तिच्या पायाशी असलेलं पत्र्याचं झाकण काढलं, खालच्या डबीत नवं ऑईल ओतलं आणि तो मागच्या चाकाखाली शिरला. चाकामागच्या बारक्या निपलला त्यानं नळी लावली, नळीचं दुसरं तोंड काचेच्या बाटलीत सोडलं.

“दाब.”

तिनं दाबलं. पेडल दगडासारखं घट्ट लागलं.

“आता दाबून धर. मी म्हनल्याबिगर सोडू नको.”

त्यानं पान्यानं निपल सैल केला मात्र, तिच्या पायाखालचं पेडल एकाएकी खाली गेलं. पाय थेट पत्र्याला टेकला. विहिरीच्या पायरीवर पाय ठेवावा आणि पायरीच नसावी, तसं झालं. केशरबाई किंचाळली.

“कल्याण! मोडलं रं! गेलं!”

खालून त्याचं हसणं आलं. “मोडलं न्हाई. मी वाट मोकळी केली म्हनून ऑईल बाहीर आलं. सोडू नको, न्हाईतर हवा शिरती. थांब, आवळतो. हां, आता सोड.”

“माजं काळीज तोंडात आलं. पायाखाली काय न्हाईच असं वाटलं.”

“ब्रेक फेल व्हतो तवा आसंच व्हतं म्हनी. आसाराममामा सांगत्यात. हे ऑईल हवेतलं पानी पितं. उतारावर ब्रेक तापला की पानी उकळतं, आन् मग दाबा कितीबी, गाडी ऐकत न्हाई. म्हनून मामांचा नेम हाय, वरसाला बदलायचं म्हंजी बदलायचं. बाटली बघ कशी झाली.”

त्यानं बाटली वर करून दाखवली. आत काकवीसारखं काळपट पाणी. चारी चाकांशी तसंच चाललं. दाब, धर, सोड. काळ्याचं तांबूस झालं, तांबुसाचं स्वच्छ झालं, बुडबुडे थांबले. शेवटी पेडल घट्ट लागलं तेव्हा केशरबाईला आपणच काहीतरी दुरुस्त केल्यासारखं वाटलं. उतरताना तिनं कडीला धरून अंग टाकलं, जीप हलली, आणि बॉनेटवर ठेवलेली काळ्या ऑईलची बाटली गोणपाटावर आडवी झाली. दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही. भुका लागल्या होत्या.

आसाराममामा म्हणजे केशरबाईचा मानलेला भाऊ. शिवेला शीव लागून असलेल्या खडकवाडीचा. त्याची आणि तिची ओळख ज्या दिवशी झाली, तो तिच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस होता.

केशरबाईचा जन्म उसाच्या फडातच गेला म्हणायचा. आईबापाबरोबर पहिल्यांदा गेली तेव्हा ती बैलांना उसाचं वाढं टाकायची. पुढं श्रीमंतशी लग्न झालं, आणि त्याच दसऱ्याला दोघं एक कोयता म्हणून मुकादमाकडं लागले. त्या धंद्यात नवराबायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. श्रीमंत मोजकं बोलणारा. दुपारी सगळी टोळी पाठ टेकायची तेव्हा हा बैलांच्या खुरांतले खडे काढत बसायचा. दसऱ्याला गाव सोडायचं, आखितीच्या सुमाराला परतायचं, लेकरू आजीजवळ ठेवायचं, असं वर्षामागून वर्ष चाललं होतं.

शहाऐंशीच्या माघात, नेवाशाच्या बाजूला, कारखान्याच्या वाटेवर ते घडलं. उसानं भरलेली गाडी चढाला लागली. बैलांना तेवढंच हलकं व्हावं म्हणून श्रीमंत खाली उतरून जुवापाशी चालत होता. केशरबाई वर, मोळ्यांवर. समोरच्या उतारानं एक जीप आली. तिचा हॉर्न वाजत होता, एकसारखा, न थांबता. केशरबाईनं वरून खाली पाहिलं तेव्हा जीप गाडीला लागूनच निघाली होती. मातकट बॉनेट तिच्या नजरेखालून गेलं. त्यावर मोर काढलेला होता. चोचीत लाल फूल, आणि पाय एकच. डोळ्याचं पातं लवेपर्यंत दिसला तेवढाच. मग धुरळा. धुरळा खाली बसला तेव्हा श्रीमंत रस्त्याकडेच्या चारीत पडला होता, आणि जीप कुठंच नव्हती.

तो लगेच गेला नाही. पाणी मागत होता. टोळीतली माणसं होती तशी, कोयत्यांसकट वाहन बघायला धावली, पण त्या आडवाटेला वाहन कुठलं? केशरबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली. कितीतरी वेळानं एक टेम्पो आला. त्यातून उतरलेला माणूस पळतच आला, कुणी काही सांगायच्या आत त्यानं श्रीमंतला दोन्ही हातांवर उचललं. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. हाच आसाराम. परक्या माणसासाठी एवढं रडणारा माणूस केशरबाईनं त्याआधी पाहिला नव्हता. नगरच्या वाटेवरच श्रीमंतनं प्राण सोडला. दवाखान्यात डॉक्टर मान हलवून म्हणाले, “जरा आधी आणायला पाहिजे होतं. रक्त फार गेलं.”

पोलिसांनी विचारलं, “गाडीचा नंबर?”

“मला वाचता येत न्हाई, सायेब. पन तिच्यावर मोर हुता. एका पायाचा.”

एकजण हसला. “मग काय मोराला बेड्या घालू, बाई?”

टोळीतल्या कुणालाच मोर दिसला नव्हता. धुरळ्यात काय दिसणार? दुःखानं हिच्या डोक्यावर परिणाम झाला, असं ठरलं. गावात तिला मागून ‘मोराची केशर’ म्हणू लागले. त्या वर्षी राखीला ती खडकवाडीला गेली तेव्हा आसारामनंच तिला बाजूला घेऊन सांगितलं, “अक्का, मोराचं आता कुनापाशी काढू नका. लोक हसत्यात. मला बगवत न्हाई.” भावाला आपल्या अब्रूची काळजी म्हणून तिला भरून आलं. त्यानंतर मोराचं नाव तिनं घराबाहेर काढलं नाही. पुढंपुढं तर आपल्याला खरंच दिसला होता का, असा तिचा तिलाच संशय येऊ लागला.

नवरा गेल्यावर ती अर्धा कोयता उरली. अर्ध्या कोयत्याला मुकादम उचलत नाही. विधवा जावेबरोबर जोडी करून तिनं चार हंगाम काढले, मग गावातच खुरपायला जाऊ लागली. त्या सगळ्या काळात आसाराम पाठीशी उभा राहिला. सुगीला बाजरीचं पोतं, दिवाळीला लुगडं. कल्याण दहावीला गचकला तेव्हा त्यानं त्याला आपल्या जिपेवर घेतला, पोटच्या पोरासारखं शिकवलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तसं त्यानं गाडी चालवणं सोडलं आणि हीच जीप कल्याणच्या हवाली केली. आसारामला स्वतःचं मूल नव्हतं. लोक म्हणत, केशरबाईचा नवरा देवानं नेला, पण भाऊ मात्र देवमाणूस दिला.

तर त्या दुपारी जेवून, अंमळ लवंडून दोघं बाहेर आले. कल्याणनं पाने गोळा केले, गोणपाट उचललं आणि त्याच्या तोंडून शिवी गेली. खालचा हिरवा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला होता. “बाटली सांडली वाटतं. आये, पानी आन, पानी! ऑईलनं रंग खाल्ला समदा.”

केशरबाई बादली घेऊन आली. कल्याणनं पाणी ओतलं आणि चिंधीनं पुसायला सुरुवात केली. पुसताना रंगाच्या साली निघून चिंधीला चिकटू लागल्या. खालून मातकट पत्रा वर आला. त्यावर एक लाल ठिपका.

“खाली कायतरी काढलंय,” कल्याण म्हणाला आणि जोरानं पुसू लागला.

लाल ठिपक्याचं फूल झालं. फुलामागं चोच. चोचीमागं निळी मान. केशरबाईला वाटलं, ऊन लागलं असेल. मोर काय, सतरा गाड्यांवर असतात.

“पाय बग,” ती म्हणाली.

“काय?”

“त्येचे पाय बग, किती हायेत.”

कल्याणचा हात थांबला. लहानपणापासून त्यानं ते ऐकलं होतं. त्यानं आईकडं पाहिलं, मग हळूहळू, जखम पुसावी तसं खाली पुसलं. पिसारा आला, पोट आलं. पोटाखाली एक पाय. त्याच्या शेजारी कोरा पत्रा.

केशरबाई होती तिथंच खाली बसली. बादली कलंडून पाणी तिच्या लुगड्याखालून वाहत गेलं, ते तिला कळलं नाही. कल्याण काहीतरी बोलत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. तिला ऐकू येत होता तो फक्त हॉर्न. सकाळी ह्याच गाडीत बसून ती हसली होती. हिच्यातून ती मढीला गेली, शिंगणापूरला गेली, सुनेच्या डोहाळजेवणाला बायका घेऊन गेली. श्रीमंतचं वर्षश्राद्ध घालायला ब्राह्मणाला आणलं तेही हिच्यातूनच. दरवर्षी दसऱ्याला हिच्या चाकाखाली तिनं स्वतः लिंबू ठेवलं होतं. हिला, ह्या बॉनेटला तिनं आपल्या हातानं हळदकुंकू लावलं होतं.

“आये, आगं बोल. ह्योच का त्यो?”

तिनं होय म्हणून मान हलवली.

कल्याण घाईघाईनं म्हणाला, “मामांनी नंतर घेतली असंल. कुनाकडून तरी. मारनाऱ्यानं विकून टाकली असंल.”

“व्हय,” ती म्हणाली. “विकूनच टाकली असंल.”

“मामांना काय ठावं?”

“त्येंला कुटलं ठावं?”

दोघंही ते पुन्हापुन्हा बोलले. बोलायचं थांबलं की भीती वाटत होती. शेवटी केशरबाई उठली. विचारूनच घेऊ, म्हणाली. कल्याणनं सवयीनं जिपेची चावी काढली, तशी ती मागं सरकली. जिपेला शिवायलाही ती तयार होईना. दोघं चालत निघाले, कापून ठेवलेल्या ज्वारीच्या रानांतून, बांधाबांधानं.

खडकवाडीला आसाराम ओसरीत बाजेवर बसून दावं वळत होता. त्याची बायको पुष्पावती अंगणात होती. “या वन्सं! आन् चालत? जीप कुठंय रं कल्याण?” असं म्हणत तिनं पाण्याचा तांब्या आणला, आणि लगेच चहाला आधण ठेवायला आत गेली.

“कोन, अक्का?” आसारामनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. “बसा की. ऑईल बदललं का रं पोरा?”

वाटेनं केशरबाईनं शब्द जुळवून ठेवले होते. पण आधी कल्याणच बोलला. “बदललं, मामा. पन जुनं ऑईल सांडलं बॉनेटवर. हिरवा रंग निघाला.”

दावं वळणारे हात थांबले.

आतून पुष्पावती कपबश्या घेऊन येतच होती. तिनं ते ऐकलं आणि तिला हसू आलं. “निघाला? मग खालचा मोर दिसला असंल की! आवो वन्सं, माज्या भावानं काढला हुता त्यो. एक पाय काढला आन् डब्यातला रंगच सपला, म्हनून लंगडा ऱ्हायला. गंगापूरला म्हायेरी आमच्या दारात उभी असायची ही जीप. भावानं ह्यांना दिली, तर ह्यांनी घरी आनायच्या आदीच रंग फासला. मी चार दिस बोलले न्हवते, माजा मोर कामून बुजवला म्हनून.”

ती बोलत होती आणि कप पुढं करत होती. कुणी कप घेईना. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, केशरबाईकडं पाहिलं. बशीत चहा हिंदकळला.

“काय झालं? काय बोलले मी?”

मग आसारामनं दावं बाजूला ठेवलं.

“दाबला हुता, अक्का,” तो म्हणाला. “ब्रेक दाबला हुता मी. दोन्ही पायांनी दाबला. पायाखाली कायच न्हवतं. दोन वर्सं दारात उबी असल्याली गाडी, तेल कसलं हाय ते बगितलंच न्हाई मी. हॉर्न तेवडा वाजवत ऱ्हायलो.”

केशरबाईच्या तळपायाला सकाळचं ते बुडणं जसंच्या तसं जाणवलं. तिचा त्याच्यावर विश्वास बसला. विश्वास बसला म्हणूनच ती आणखी हादरली. खोटं बोलला असता तर त्याच्यावर थुंकून तिला उठता आलं असतं.

“मग थांबला का न्हाईस?” इतक्या वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदाच एकेरी हाक दिली.

“पुडं सपाटीला गाडी आपसूक थांबली. मागं बगितलं तर मानसं कोयते घिऊन पळताना दिसली. जीव घेतील वाटलं. जीप तशीच रेटत पुडं नेली, बाभळीत घातली. बसलो. मग ऱ्हावंना म्हनून एका टेम्पोवाल्याला हात केला.”

“किती येळ बसला?”

“न्हाई सांगता येत, अक्का.”

“मला येतं,” केशरबाई म्हणाली. “त्येंनी पानी मागितलं, मी वंजळीनं पाजलं. पुन्ना मागितलं, पुन्ना पाजलं. मग मागायचं थांबले. तेवडा येळ बसलास तू.”

कल्याणनं झडप घालून त्याच्या सदऱ्याची गळपट्टी धरली. आसारामनं हात वर केला नाही. पुष्पावती जिथं उभी होती तिथंच उभी राहिली, तिनं नवऱ्याला सोडवलं नाही.

“सोड त्याला, कल्याण,” केशरबाई म्हणाली. तिला दया आली होती असं नाही. तिला अजून एक विचारायचं होतं. “मोराचं कुनाला सांगू नका म्हनालास. लोक हसत्यात म्हनालास.”

आसारामनं मान खाली घातली.

“ठार मारलंस ते अपघातानं. पन मला खुळी ठरवलंस ते जानूनबुजून. धा वर्सं माजाच माज्या डोळ्यांवर इस्वास न्हवता रं.”

ती उठली. ओसरीच्या पायरीवर तिला भोवळ आली, तेव्हा पुष्पावतीनं दंड धरला. केशरबाईनं तो झिडकारला नाही. “टोळ्या माघारी आल्या की गावात यायचं,” ती पाठमोरीच म्हणाली. “चावडीपुडं सगळ्यांच्या देखत उभं ऱ्हायचं, आन् मोर हुता म्हनून सांगायचं.”

त्यानंतरचे दिवस तिला नीट आठवत नाहीत. तव्यावर भाकरी जळून कोळसा व्हायची आणि ती बघत बसायची. मढीची जत्रा आली, गेली. ती गेली नाही. दरवर्षी कानिफनाथाच्या पायरीवर ती दोन गोष्टी मागायची. ज्यानं माझा माणूस मारला त्याचं तळपट होऊ दे, आणि माझ्या आसारामदादाला औक्ष दे. एकाच दमात, एकाच पायरीवर डोकं टेकून. हे आठवलं की ती बसल्याजागी दचकायची. आपण कुणाला शिव्या देत होतो आणि कुणाला आशीर्वाद, आणि देवानं त्यातलं काय ऐकायचं होतं?

कल्याण एकदा पोलीस ठाण्यात जाऊन आला. तिथल्या माणसानं ऐकून घेतलं आणि हद्द नेवाशाची, तिकडं जा म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी आसाराम स्वतःच पुष्पावतीच्या हाताला धरून एस.टी.नं नेवाशाला गेला, दिवसभर बाकावर बसला. त्यांनी लिहून घेतलं, जुनं प्रकरण बघून कळवतो म्हणाले. ते कळवणं पुढं बरेच महिने चाललं.

वैशाखात टोळ्या परतल्या. ठरल्याप्रमाणे तो आला. चावडीपुढं माणसं जमली, त्यात त्या दिवशीच्या टोळीतलीही होती. आसाराम उन्हात उभा राहून बोलला. काही चोरलं नाही. शेवटी म्हणाला, “मोर हुता. केशरअक्कानं बगितला त्यो खरा हुता. एका पायाचा.”

एखादा हात उगारील, दगड उचलील असं सगळ्यांना वाटलं होतं. कुणी हललं नाही. ज्या म्हाताऱ्या मुकादमानं तिला पहिल्यांदा ‘मोराची केशर’ म्हटलं होतं, तो उठून तिच्यासमोर आला. त्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात धरलं आणि तसाच निघून गेला. केशरबाई चावडीच्या भिंतीला टेकून उभी होती. ह्या घटकेची तिनं वाट पाहिली होती, आणि आता तिच्या आत काहीच हललं नाही. लोक पांगले तरी ती तिथंच उभी होती, शेवटी जावेनं हाताला धरून घरी नेलं.

जीप कल्याणनं नगरला नेऊन भंगारात घातली. कुणी विकत मागितली होती, पण ह्याच रस्त्यांवर ती पुन्हा समोरून येईल, हे त्याला सोसणार नव्हतं. तो दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून लागला. गाडी दुसऱ्याची असली तरी ब्रेकचं ऑईल तो वेळेवर स्वतः बदलतो. शिकवणारा कोण होता हे आठवून त्याचा हात मध्येच थांबतो, आणि पुन्हा पाना फिरवायला लागतो. दिपालीला मुलगी झाली. केशरबाई नातीला तेल लावू लागली, पाळण्याची गाणी म्हणू लागली. माणसात आली, असं लोक म्हणाले. कुणी विचारायचं, “माफ केलंस का गं त्याला?” ती म्हणायची, “उताराचं केलं. बाभळीत बसला त्याचं न्हाई.” आणि मग विषय बदलायची.

त्या वर्षी भाऊबीजेला ती खडकवाडीला जाणार नव्हती, आणि तिकडून कुणी येईल असंही तिला वाटलं नव्हतं. तर दुपारी पुष्पावती दारात उभी. हातात ना लुगडं ना ओटी, नुसता फडक्यात बांधलेला नारळ.

“वन्सं म्हनू का नको, ते इचारायला आले,” ती म्हणाली. “मलाबी त्यानं धा वर्सं फशिवलंच की.”

केशरबाईनं तिला आत घेतलं. दोघी चुलीपाशी बसल्या. पुष्पावतीनं नातीला मांडीवर घेतलं आणि एकदम तिला हुंदका फुटला. म्हणाली, तो आता रात्री झोपत नाही, जेवताना मध्येच घास ठेवून उठतो, मीही त्याच्याशी कामापुरतंच बोलते. केशरबाई ऐकत राहिली. मग तिनं भाजी वाढली, दोघी जेवल्या.

उन्हं कलल्यावर तिला वाटेला लावायला केशरबाई गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. पलीकडं, गावाबाहेरच्या पिंपळाच्या पारावर एक माणूस बसला होता. पावलांचा आवाज ऐकून तो उठला, काठीवर भार देऊन, तोंड ह्यांच्या दिशेला. दुपारपासून तिथंच बसला असावा. किती वाळला होता.

“अक्का हायेत का संगं?” त्यानं विचारलं.

पुष्पावतीनं केशरबाईकडं पाहिलं. केशरबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. ‘हाये’ एवढा एक शब्द तिच्या ओठांपर्यंत आला, तिला तो स्पष्ट जाणवला, आणि ती स्वतःच भांबावून गेली. काही न बोलता ती वळली आणि घराकडं चालू लागली. नात उठली होती, तिचं रडणं गल्लीतूनच ऐकू येत होतं.